स्मृतिमांद्याची चिकित्सा

इ. स. १९५६ च्या सप्टेंबर महिन्यात, एकमेकींशी कसलाही संबंध नसलेल्या दोन घटना घडल्या. रायपूर शहरात खनिकर्म व धातुशास्त्र यांच्या नव्या शासकीय महाविद्यालयाच्या इमारतीची कोनशिला राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली. रायपूर त्या वेळी जुन्या मध्यप्रदेशात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. पुढे सहा-सात आठवड्यांतच राज्यांची पुनर्रचना झाली आणि या दोन शहरांमधील राज्यकारभाराचा जुना धागा तुटला. त्याच सप्टेंबरात अमेरिकेतील आयबीएम कंपनीने ‘रॅमॅक’ नावाचे एक यंत्र जाहीर केले. त्यात दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एका दांड्यावर मिनिटाला १,२०० फेरे घेत असत. त्यांवर चुंबकीय खुणांच्या रूपाने पन्नास लाख अक्षरे साठविता येत. त्या भांडाराचे वजन एक टनाहून अधिक होते, आणि हवी ती नोंद हाती लागण्यास सरासरी सहा दशांश सेकंद लागे. त्या काळी हा वेग विस्मयकारक मानला गेला.

रायपूरचे ते महाविद्यालय आता राष्ट्रीय प्रौद्योगिकी संस्था या नावाने ओळखले जाते, आणि २००० साली छत्तीसगढ राज्य निर्माण झाल्यापासून रायपूर हे राजधानीचे शहर आहे. तेथील विद्यार्थ्याच्या पिशवीतील संगणकात आज जी बोटाएवढी पट्टी असते, तीत रॅमॅकच्या एक लाख पट मजकूर सहज मावतो. या पट्टीत फिरणारी तबकडी नाही, हलणारा दांडा नाही; काहीच हलत नाही. म्हणूनच तिला ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’, संक्षेपाने एसएसडी, म्हणतात. जुन्या तबकडीच्या यंत्राला एक फेरा पुरा करण्यास सुमारे आठ सहस्रांश सेकंद लागत. ही पट्टी एका सहस्रांश सेकंदाच्या दहाव्या भागात, किंवा त्याहूनही लवकर, हवी ती नोंद पुढे ठेवते. असे असता एक तक्रार घरोघरी ऐकू येते, की नव्या नवलाईचे दिवस सरले आणि यंत्र मंदावले.

रायपूरच्या तात्यापाऱ्यातील किंवा चौबे कॉलनीतील एखादे मराठी घर डोळ्यांपुढे आणावे. मुलाच्या अभ्यासासाठी दोन-तीन वर्षांपूर्वी संगणक घेतलेला असतो. प्रारंभी कळ दाबताच अर्ध्या मिनिटात तो कामाला सिद्ध होई. आता चहा होईपर्यंत वाट पाहावी लागते. लग्नाची छायाचित्रे उतरवून घेताना पहिली शे-दोनशे झरझर येतात आणि मग गाडी अडते. घरातील वडीलधारे म्हणतात, वस्तूच हलकी लागली. शेजारी म्हणतो, सारे पुसून टाका. दुकानदार म्हणतो, नवे घ्या. या तिन्ही सल्ल्यांत एक दोष समान आहे. रोगाचे निदान होण्यापूर्वीच औषध ठरलेले आहे. हे मांद्य कशाने येते, हे जगाला एका दिवसात समजले नाही; एकेक कारण एकेका प्रसंगी उघडकीस आले. तो इतिहास ठाऊक असेल तर घरच्या यंत्राची तपासणी कोणत्या क्रमाने करावी, हे निराळे शिकवावे लागत नाही.

साठवणीचा प्रश्न रायपूरला नवा नाही. इ. स. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपूरच्या गादीवर आले. १७८७ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर छत्तीसगढात सुभेदारांचा अंमल सुरू झाला. विठ्ठलराव दिनकर या सुभेदाराने परगण्यांची व्यवस्था लावली. १८१८ नंतर इंग्रज अधीक्षकांनी कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्यच खालसा झाले. प्रत्येक राजवट आपल्या मागे कागद ठेवून गेली. मराठी अमदानीत हिशेब मोडी लिपीत लिहिले जात आणि कागद कापडी रुमालांत बांधले जात. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे हजारो रुमाल आजही आहेत. ज्याने दप्तर सांभाळले आहे त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. कागद ठेवणे सोपे, हवा तो कागद हवा तेव्हा काढणे कठीण. आणि ते अधिक कठीण होते ते निरुपयोगी कागद वेळेवर दूर न केल्यामुळे. म्हणूनच महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्यांत अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडतात. अ वर्गाचा कागद कायमचा राखावयाचा, ड वर्गाचा वर्षभरातच निकालात काढावयाचा. एसएसडीच्या मंदपणाचे मुख्य कारण या दप्तरी अनुभवाच्या फार जवळचे आहे. परंतु ते समजण्यासाठी त्या पट्टीच्या जन्मकथेकडे वळले पाहिजे.

संगणकाची स्मृती दोन प्रकारची. एक कामापुरती, वीज जाताच पुसली जाणारी, दुसरी टिकाऊ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली जो ‘टिफ्रॅक’ संगणक कामाला लागला, त्याच्या स्मृतीत बारीक चुंबकीय कड्या होत्या आणि तीत ४० अंकांचे २,०४८ शब्द मावत. देशात घडविलेल्या त्या यंत्राच्या दृष्टीने ती मोठी मजल होती. परंतु कड्या ओवून लाखो-कोटी अक्षरांचे भांडार उभे करणे परवडणारे नव्हते. टिकाऊ भांडारासाठी जगाने तबकडीच पत्करली. वीज गेली तरी टिकेल आणि तरीही ज्यात काहीच फिरणार नाही असे भांडार हवे, ही आकांक्षा मात्र मनात राहिली.

तिची पहिली किल्ली १९६७ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत सापडली. डॉन कांग व सायमन झी या दोघा शास्त्रज्ञांनी ट्रान्झिस्टरच्या आत, चोहोबाजूंनी विद्युत्‌रोधक थराने वेढलेला, एक तरंगता कप्पा कल्पिला. त्या कप्प्यात इलेक्ट्रॉन ढकलले की ते तेथे कोंडले जातात. वीज बंद केली तरी बाहेर पडत नाहीत. कप्पा भरलेला असणे ही एक खूण, रिकामा असणे ही दुसरी. या दोन खुणांवर सारे लेखन आधारलेले आहे. मात्र कोंडलेले इलेक्ट्रॉन बाहेर काढून कप्पा पुन्हा वापरण्याजोगा करणे हे कटकटीचे काम होते. सुरुवातीच्या एका प्रकारात तर त्यासाठी चिपवर अतिनील किरणांचा झोत धरावा लागे.

जपानच्या तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका या अभियंत्याने हे कोडे निराळ्या बाजूने सोडविले. एकेक कप्पा निवडून पुसण्याची सोय ठेवली, तर प्रत्येक कप्प्यासाठी जादा तारा व जागा लागते आणि वस्तू महाग होते. तेव्हा लिहावे सुटेसुटे, पण पुसावे ते थव्याने, एका झटक्यात, असा मार्ग त्याने काढला. पुसण्याची ही क्रिया पाहून शोजी आरिइझुमी या त्याच्या सहकाऱ्यास छायाचित्रकाराच्या दिव्याचा लखलखाट आठवला आणि त्यावरून ‘फ्लॅश’ हे नाव रूढ झाले. १९८४ मध्ये मासुओकाने हा शोध एका आंतरराष्ट्रीय परिषदेत मांडला. १९८७ मध्ये त्याची आणखी आटोपशीर अशी ‘नँड’ रचना पुढे आली, आणि आजच्या सर्व एसएसडी त्याच रचनेच्या आहेत. आपल्या शोधाचा योग्य मोबदला मिळाला नाही म्हणून मासुओकाला २००४ मध्ये आपल्या जुन्या कंपनीविरुद्ध न्यायालयात जावे लागले. २००६ मध्ये ८ कोटी ७० लाख येनवर तडजोड झाली.

फ्लॅशचे पहिले व्यापारी भांडार अमेरिकेत तयार झाले. एली हरारी, जॅक युआन आणि कानपूरला जन्मलेले संजय मेहरोत्रा यांनी १९८८ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने, जी पुढे सॅनडिस्क म्हणून प्रसिद्धीस आली, १९९१ साली २० मेगाबाइटांची एक पट्टी आयबीएमला पुरविली. तिची किंमत सुमारे एक हजार डॉलर होती. सामान्य घराने ती घेण्याचा प्रश्नच नव्हता. मध्ये सोळा-सतरा वर्षे गेली, किंमती उतरल्या, आणि २००८ च्या सप्टेंबरात इंटेल कंपनीने ‘एक्स २५-एम’ ही ८० गिगाबाइटांची एसएसडी घरगुती संगणकासाठी बाजारात आणली. परीक्षकांनी तिची मुक्तकंठाने स्तुती केली.

ही स्तुती सहा महिनेही टिकली नाही. २००९ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील एका परीक्षक मंडळीने असे दाखवून दिले, की कोरी असताना वाऱ्यासारखी धावणारी ही पट्टी काही काळ वापरल्यावर लक्षणीय मंद होते. पट्टी बिघडलेली नव्हती. तिच्यातील एकही कप्पा निकामी नव्हता. मग मांद्य कोठून आले? त्याच वर्षी मार्चमध्ये आनंद लाल शिंपी या समीक्षकाने एका प्रदीर्घ लेखात याची फोड सामान्य वाचकाला समजेल अशा रीतीने केली. त्यातून जो कार्यकारणभाव स्पष्ट झाला तो येथे जरा विस्ताराने पाहणे अवश्य आहे. कारण आज घरोघर आढळणाऱ्या मंदपणाचेही हे एक प्रमुख मूळ आहे.

फ्लॅशमधील लेखनाचा सर्वांत लहान भाग म्हणजे पान. अशी काही शे पाने एकत्र शिवलेली असतात. त्या चोपडीला खंड म्हणावे. पान एकेक लिहिता येते. परंतु लिहिलेल्या पानावर पुन्हा लिहिता येत नाही, आणि पुसावयाचे झाले तर सबंध चोपडीच पुसावी लागते. मासुओकाच्या युक्तीने जी स्वस्ताई आणली तिची ही किंमत होय. समजा, एका पत्रातील एक ओळ बदलली. पट्टीतील नियंत्रक जुन्या पानाला हात लावीत नाही. सुधारलेला मजकूर दुसऱ्या कोऱ्या पानावर लिहितो आणि जुने पान रद्द म्हणून टिपून ठेवतो. कोरी पाने मुबलक आहेत तोवर हे बिनबोभाट चालते. ती संपत आली म्हणजे नियंत्रकास चोपड्या धुऊन काढाव्या लागतात. पण एखाद्या चोपडीत दहा पाने रद्द आणि शंभर जिवंत असली, तर आधी ती शंभर पाने दुसरीकडे उतरवावी लागतात, मग चोपडी पुसावयाची, आणि मग कोठे नवे पान लिहावयाचे. मालकाने एक पान लिहावयास सांगितले, यंत्राने शंभर लिहिली. हाच तो मंदपणा.

यातही एक मौजेची पण महत्त्वाची गोम होती. संगणकाची कार्यप्रणाली एखादी फाइल ‘काढून टाकते’ तेव्हा ती प्रत्यक्षात फक्त आपल्या सूचीतील नाव खोडते. मजकूर जेथल्या तेथे राहतो. तबकडीच्या युगात याने काही बिघडत नसे, कारण जुन्या मजकुरावर नवा मजकूर सरळ लिहिता येई. त्यामुळे फाइल काढली हे भांडाराला कळविण्याची रीतच पडली नव्हती. एसएसडीचा नियंत्रक मात्र ते टाकाऊ कागद जिवंत समजून इमानेइतबारे जपत बसे, एका चोपडीतून दुसऱ्या चोपडीत उतरवीत बसे. मालकाने कधीच टाकून दिलेल्या रद्दीचे ओझे हमाल वाहत राहिला, कारण ती रद्दी आहे हे त्याला कोणी सांगितलेच नाही.

उपाय दोन बाजूंनी आला. २००९ च्या एप्रिलमध्ये इंटेलने नियंत्रकाच्या अंतर्गत आज्ञावलीत, म्हणजे फर्मवेअरमध्ये, सुधारणा करून हा परिणाम पुष्कळ सौम्य केला. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात आलेल्या ‘विंडोज ७’ ने ‘ट्रिम’ नावाची आज्ञा अमलात आणली. २०१० च्या प्रारंभी लिनक्सनेही ती सर्वांसाठी खुली केली. या आज्ञेचा आशय एवढाच, की ‘अमुक पाने आता नकोत, सवडीने पुसून ठेव.’ काय विसरावयाचे हे स्मृतीला सांगण्याची सोय झाली आणि तिचा वेग पुष्कळ अंशी परत आला. यातच एक जुना उपचार कालबाह्य ठरला. तबकडीच्या यंत्रात विखुरलेले तुकडे सलग लावण्यासाठी ‘डीफ्रॅगमेंट’ करीत. पट्टीत काही फिरतच नसल्याने तुकडे जवळ असले काय वा दूर असले काय, फारसा फरक पडत नाही. उलट प्रत्येक लेखनाने कप्प्यांचे आयुष्य झिजते, म्हणून तो उपचार येथे अपथ्यकारक आहे. हल्लीच्या विंडोजमध्ये ‘ऑप्टिमाइझ’ ही कळ दाबली असता एसएसडीवर प्रामुख्याने ट्रिमच चालविले जाते, हे मुद्दाम लक्षात ठेवण्याजोगे आहे.

दुसरा धडा २०१४ साली मिळाला. एका कप्प्यात भरलेला आणि रिकामा अशा दोनच पातळ्या ओळखावयाच्या, हा मूळ प्रकार. स्वस्ताईसाठी पुढे चार, मग आठ, आणि आता सोळा पातळ्या एकाच कप्प्यात ओळखल्या जातात. पातळ्या जितक्या अधिक तितके त्यांमधील अंतर सूक्ष्म; आणि कप्प्यातील विद्युत्‌भार काळाबरोबर किंचित ढळतोच. सॅमसंग कंपनीच्या ‘८४० ईव्हो’ या आठ पातळ्यांच्या पट्टीत असे दिसून आले, की नुकतेच लिहिलेले कागद झटकन वाचले जातात, परंतु महिनोन्महिने न हलविलेले कागद वाचताना वेग जुन्या तबकडीइतका, कधी त्याहूनही कमी होतो. अक्षर पुसट झाले म्हणजे वाचक जसा पुन:पुन्हा ओळ न्याहाळतो, तसा नियंत्रक पुन:पुन्हा प्रयत्न करीत होता. कंपनीने ऑक्टोबर २०१४ मध्ये फर्मवेअर बदलून दिले. दोष पुन्हा डोके वर काढू लागला तेव्हा एप्रिल २०१५ मध्ये दुसरे दिले, ज्यायोगे जुना मजकूर अधूनमधून आपोआप नव्याने लिहिला जाऊ लागला. मोडी कागदांची शाई फिकी पडू लागली की नकलनवीस बसवून नक्कल करून घेत. तेच काम आता नियंत्रक करतो.

तिसरे कारण रायपूरच्या रहिवाशास सांगावयास नको. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. जलद धावणारी एसएसडी, विशेषत: २०११ नंतर प्रचारात आलेल्या ‘एनव्हीएमई’ पद्धतीची, स्वत:च बरीच उष्णता निर्माण करते, तपमान ७०-८० अंशांच्या सुमारास पोचले की स्वसंरक्षणार्थ ती आपला वेग मुद्दाम कमी करते. दुपारी मंद आणि पहाटे चपळ असे यंत्र दिसले, तर दोष पट्टीत नसून हवा न खेळणाऱ्या पेटीत, धुळीने भरलेल्या पंख्यात, गादीवर ठेवलेल्या लॅपटॉपमध्ये असण्याचा संभव मोठा.

आता तात्यापाऱ्यातील त्या घराकडे वळावे. वरील इतिहासातून तपासणीचा जो क्रम निघतो, त्याची पहिली पायरी दुरुस्तीची नाही, प्रतीची आहे. जे गमावून चालणार नाही ते सर्व आधी दुसऱ्या भांडारावर उतरवून घ्यावे. पट्टी मरणपंथास लागलेली असेल तर प्रत्येक प्रयोग तिचा शेवटचा ठरू शकतो. आणि नसेल, तरीही प्रत हाताशी असली म्हणजे हात कापत नाही.

दुसरी पायरी संशयिताची ओळख पटविण्याची. मांद्य संगणकाचे आहे की एसएसडीचे? विंडोजमधील ‘टास्क मॅनेजर’ उघडून पाहावे. कामापुरती स्मृती चारच गिगाबाइट असेल आणि ती काठोकाठ भरली असेल, तर संगणक तिची उणीव एसएसडीवर लिहून-वाचून भरून काढीत असतो. तेथे पट्टी निर्दोष आहे, हवी आहे ती अधिक स्मृती. विषाणुरोधक आज्ञावली वा एखादे अद्यतन पडद्याआड चालू असेल, तर ते संपू द्यावे. परंतु डिस्क शंभर टक्के गुंतलेली दिसते आणि तरीही सेकंदाला दोन-चार मेगाबाइटच मजकूर हलतो, असे वारंवार आढळले तर संशय पट्टीवर घ्यावा. मग ‘क्रिस्टलडिस्कमार्क’ सारख्या मोफत साधनाने वेग मोजून तो कागदावर टिपून ठेवावा. साटा जोडणीच्या एसएसडीची मर्यादा सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइट असते. यंत्र जुने असून जोडणी आधीच्या पिढीची असेल तर सुमारे निम्मीच. जुन्या यंत्रावर २८० चा आकडा आला तर ते आजारपण नव्हे. तो रस्त्याचा अरुंदपणा आहे.

तिसऱ्या पायरीवर जागा पाहावी. पट्टी नव्वद टक्क्यांहून अधिक भरली असेल तर कोऱ्या चोपड्यांची चणचण अटळ आहे. एकदशांश ते एकपंचमांश जागा मोकळी ठेवणे हितकर. छायाचित्रे उतरविताना मध्येच गाडी अडते, त्याचेही कारण बहुधा येथेच सापडते. स्वस्त पट्ट्यांमध्ये आलेला मजकूर प्रथम एका जलद कोठडीत घेतात आणि मागाहून सवडीने दाट कप्प्यांत रचतात. पट्टी भरलेली असेल तर ती कोठडीही आक्रसते. ती भरली की खरा वेग उघडा पडतो, आणि सोळा पातळ्यांच्या पट्टीत तो जुन्या तबकडीहूनही कमी असू शकतो. हा बिघाड नव्हे, विकत घेतलेल्या वस्तूचा स्वभाव होय. अर्धा तास थांबल्यास ती कोठडी पुन्हा रिकामी होते. जागा केल्यावर ट्रिम चालू आहे की नाही हे पाहून एकदा हाताने चालवावे, आणि संगणक काही तास जागा पण रिकामा ठेवावा, म्हणजे नियंत्रकाला झाडलोट करण्यास अवधी मिळेल.

चौथी पायरी प्रकृतीची. प्रत्येक एसएसडी ‘स्मार्ट’ नावाची एक रोजनिशी ठेवते. तीत तपमान, झीज, निकामी ठरलेले खंड यांची नोंद असते. जोडणीतील चुकांचा आकडा वाढत असेल तर दोष पट्टीचा नसून केबलचा असण्याचा संभव अधिक. थोड्या पैशांच्या केबलने काम भागते. निकामी खंडांचा वा दुरुस्त न होणाऱ्या वाचनदोषांचा आकडा वाढत असेल, तर मात्र उपचार न करता पट्टी बदलावी. पाचवी पायरी म्हणजे उत्पादकाने नवे फर्मवेअर दिले आहे काय हे पाहणे. २००९ व २०१४ या दोन्ही वर्षी औषध तेथूनच आले होते. हे सर्व करूनही गुण आला नाही, तरच संपूर्ण पट्टी पुसून नव्याने मांडणी करावी. शेजाऱ्याने प्रथम सांगितलेला उपाय शेवटचा आहे, आणि तोही हाती प्रत असेल तरच. प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट बदलावी व पुन्हा वेग मोजावा. एकदम चार गोष्टी बदलल्या तर गुण कशाने आला हे कधीच कळत नाही.

प्रतीचा एवढा आग्रह कशासाठी, असे कोणी विचारील. तबकडीच्या युगात चुकून पुसलेली फाइल पुष्कळदा परत मिळे, कारण सूचीतील नाव गेले तरी मजकूर शाबूत असे. ट्रिमने वेग दिला तो ही सवलत काढून घेऊन. एकदा पाने नकोत असे कळविले, आणि नियंत्रकाने चोपडी धुतली, म्हणजे तो मजकूर निष्णात कारागिरालाही सहसा परत आणता येत नाही. शिवाय फार झिजलेली पट्टी विजेविना कपाटात ठेवली तर तिच्यातील भार ओसरू लागतो. घरगुती एसएसडीसाठी मान्य झालेला मानदंड असा, की तिचे ठरलेले आयुष्य संपल्यावरही ३० अंश तपमानात तिने विजेविना एक वर्ष मजकूर टिकवावा. रायपूरच्या उन्हाळ्यात बंद खोली ३० अंशांवर थांबत नाही. तेव्हा कामासाठी एसएसडी उत्तम असली, तरी घराचे अभिलेखागार म्हणून एकट्या तिच्यावर विसंबणे शहाणपणाचे नाही.

आणि अशा घरांतून राखण्याजोगे पुष्कळ असते. १९०० च्या जानेवारीत पेंड्रा येथून माधवराव सप्रे यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. मराठी मातृभाषेच्या या गृहस्थाने पुढे दासबोध व गीतारहस्य हिंदीत आणले आणि १९२६ मध्ये रायपूर येथेच देह ठेवला. ते मासिक तीन वर्षेच चालले. तरी त्याचे नाव व त्यातील लेखन आजवर पोचले, कारण कोणी तरी कागद जपले. जुन्या वृत्तपत्रांचा असाच सांभाळ करण्यासाठी भोपाळ येथे १९८४ मध्ये सप्रे यांच्याच नावाने एक संग्रहालय उभे राहिले. आज छत्तीसगढातील मराठी कुटुंबांची सनदी पत्रे, वंशावळी, आजोबांच्या रोजनिश्या यांची छायाचित्रे काढून संगणकात ठेवण्याची चाल पडली आहे; ती स्तुत्यच आहे. परंतु छायाचित्र काढले म्हणून मूळ कागद रद्दीत गेला, आणि छायाचित्र त्या एकाच पट्टीवर राहिले, तर अडीचशे वर्षे टिकलेली गोष्ट एका दुपारी नाहीशी होऊ शकते.

काय ठेवावयाचे आणि काय टाकावयाचे याचा निर्णय यंत्राने कधीच केलेला नाही. तो दप्तरदाराने केला, कारकुनाने केला, आता घरातील संगणक वापरणाऱ्याने करावयाचा आहे. टाकाऊ काय हे सांगितले तर एसएसडी वेग देते. राखण्याजोगे काय हे ओळखून त्याची दुसरी प्रत दुसऱ्या जागी ठेवली, तर तिचा वेग कमी झाला काय किंवा ती एखाद्या दिवशी अजिबात बंद पडली काय, घराचे काही जात नाही. तात्यापाऱ्यातील तो संगणक बहुधा जागा मोकळी करून आणि पंख्याची धूळ झाडूनच पुन्हा चालू लागेल. तेवढ्या वेळात लग्नाची छायाचित्रे दुसऱ्या भांडारावर उतरलेली असली, म्हणजे चिकित्सा पूर्ण झाली.